मग बसवलाच कशाला?

"मग बसवलाच कशाला?" बाबांनी विचारलं आणि चहाचा कप बशीत ठेवला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. माझ्या मस्टँगचा, म्हणजे फोर्डच्या स्पोर्ट्स कारचा, मागचा स्पॉइलर, डिकीवरचा तो पंखासारखा भाग, येत्या शनिवारी घरीच काढायचा बेत मी नुकताच त्यांना सांगितला होता. आपण चालवतो त्या वेगाला तो फारसं काही करत नाही, शिवाय त्याच्यामुळे गाडीची पाठ झाकून जाते, असं बरंच काही मी बोलले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग एवढंच विचारलं. आई मध्ये पडली, "अहो, तिची गाडी आहे, करू दे की तिला." विषय तिथे मिटला, पण माझ्या डोक्यातून प्रश्न काही गेला नाही. अमेरिकेत, मिशिगनमधल्या कॅन्टनहून ऑफिसला निघाले, हायवेला लागले, आरशात काचेच्या तळाशी स्पॉइलरची ती आडवी निळी रेघ रोजच्यासारखी दिसत होती. मोटारींच्या प्लॅस्टिकच्या भागांवर काम करून मी पोट भरते. याचं उत्तर मला तोंडपाठ असायला हवं होतं.

बाबांची उभी हयात आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात गेली, तीही तपासणी खात्यात. लाइनवरून उतरलेली स्कूटर त्यांच्यापुढे यायची. ब्रेक, क्लचच्या केबलचा ढिलेपणा, हॉर्न, रंगावर कुठे ओरखडा, कुठे वॉशर राहिलाय का, सगळं बघून झालं की ते ती पुढे सोडायचे. काही कमी दिसलं तर हँडलला चिठ्ठी बांधून ती बाजूला. त्यामुळे आमच्या घरात 'कंपनी फिटिंग' म्हटलं की बोलणं संपायचं. शेजारपाजारचे लोक चेतकला काय काय लावून घ्यायचे! पुढे जाळीची टोपली, मागे स्टेपनीचं रेक्झिनचं कव्हर, साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्यांसाठी पाय ठेवायची पट्टी, चकचकीत गार्ड. बाबांनी आमच्या चेतकला कधी काही लावलं नाही आणि तिचं काही काढलंही नाही. जशी आली तशीच ती राहिली आणि तशीच विकली गेली.

तसं पाहिलं तर गाडीचं काही काढायची रीतच आपल्याकडे नाही. घरात नवी गाडी आली की सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा वर्षानुवर्षं निघत नाही. मे महिन्यात ते मांडीला चिकटतं, उठताना चर्रकन आवाज येतो, तरी कोणी ते फाडत नाही, कारण त्या प्लॅस्टिकमध्ये गाडीचं नवेपण अजून शिल्लक असतं. लावायची हौस मात्र दांडगी. माझ्या चुलतभावाने, दादाने, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सेकंडहँड झेन घेतली आणि पहिल्या पगारातून तिला नाना पेठेतून स्पॉइलर आणला. फायबरचा, गाडीच्या लाल रंगाशी जवळपास जुळणारा. दुकानदाराने तिथेच, रस्त्याच्या कडेला, मागच्या दाराला ड्रिलने भोकं पाडली. पत्र्याचा तो किंचाळण्याचा आवाज आणि रंगाच्या लाल कुरळ्या सालपटांचा ढीग मला अजून आठवतो. झेन काही त्याने जोरात पळायला लागली नाही. पण दादा लकडी पुलावरून जाताना वेगळा बसायचा, एक हात खिडकीबाहेर, मान ताठ. मी शेजारच्या सीटवर, शाळेतली मुलगी, आणि मला वाटायचं की सगळा पूल आमच्याकडे बघतोय. पुढच्या पावसाळ्यात त्या भोकांभोवती गंज धरला, पाणी आत झिरपून स्टेपनीच्या खड्ड्यात साठायला लागलं. दादाने स्पॉइलर काढला नाही. वर्षभर तो फडक्याने पाणी टिपत राहिला.

दादाला मी आजही दोष देऊ शकत नाही.

स्पॉइलर कशासाठी असतो, हे एका दमात सांगता येतं. गाडीचं छत मागे उतरत जातं, त्यावरून वाहणारी हवा त्या उताराला धरून जोरात खाली येते आणि वेग वाढला की गाडीचा मागचा भाग हलकासा वर ओढला जातो. डिकीच्या कडेला उभा अडसर घातला की हवेची ती सरळ वाट मोडते, डिकीवरचा दाब वाढतो, मागची चाकं रस्त्याला जास्त धरून राहतात. यातली खरी मेख आहे वेग. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट. म्हणजे मिशिगनच्या फ्रीवेवर 70 मैलांनी, आपल्या हिशोबात ताशी सव्वाशेच्या आतच, जाणाऱ्या माझ्या गाडीवर जो परिणाम होतो, तो 140 मैलांवर चौपट होईल. तिथवर मी जात नाही आणि जाणारही नाही. शिवाय मस्टँगसारखा दोन पायांवर उभा असलेला प्लॅस्टिकचा स्पॉइलर बऱ्याच अंशी दिसण्यासाठीच असतो. हे सगळं मी बाबांना सांगितलं होतंच. त्यांचा प्रश्न त्याच्या पलीकडचा होता.

डेट्रॉइटच्या आसपास राहिलं की हा प्रश्न किती जुना आहे ते कळतं. 1969 आणि 1970 साली इथल्या क्रायसलरने डॉज चार्जर डेटोना आणि प्लिमथ सुपरबर्ड अशा दोन गाड्या काढल्या. पुढे टोकदार नाक आणि मागे जवळजवळ दोन फूट उंच पंख. शर्यतीसाठीच जन्मलेल्या गाड्या. 24 मार्च 1970 ला बडी बेकरने टॅलाडेगाच्या ट्रॅकवर डेटोनात ताशी 200 मैलांचा आकडा ओलांडला, नॅसकार या अमेरिकन शर्यतमालिकेच्या गाडीने बंदिस्त ट्रॅकवर तसं करण्याची ती पहिलीच वेळ. पण शर्यतीच्या नियमापायी या गाड्या सामान्य गिऱ्हाइकालाही विकाव्या लागत, म्हणून सुपरबर्ड एकोणीसशेच्या आसपास बनवल्या गेल्या. आणि शोरूममध्ये त्या पडून राहिल्या. मुलाबाळांना घेऊन किराणा आणायला जाणाऱ्या माणसाला तो पंख नको होता. शेवटी काही डीलरांनी पंख आणि नाक उतरवून, प्लिमथचीच साधी गाडी, रोड रनर, करून त्या खपवल्या. आज तीच गाडी, पंखासकट, लिलावात लाखो डॉलरला जाते. त्या डीलरांकडच्या मेकॅनिकांनी उतरवलेले पंख कुठे ठेवले असतील, हा विचार माझ्या मनात फार वेळा येऊन गेलाय.

मस्टँगला स्पॉइलर लावणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, हेही सांगितलं पाहिजे. लॅरी शिनोडा हा लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला जपानी वंशाचा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात, पोरवयात, त्याला कुटुंबासह मांझानारच्या छावणीत डांबलं गेलं, केवळ वंशामुळे. पुढे याच देशाच्या सगळ्यात अमेरिकन समजल्या जाणाऱ्या गाड्या त्याने घडवल्या. 1969 च्या बॉस 302 मस्टँगचं रूप त्याचं. तिच्यावर पुढे हवा अडवणारी पट्टी आणि मागे स्पॉइलर आला. पण मला जास्त भावतं ते त्याने काढलं ते. मागच्या चाकांच्या वर हवा आत घेण्याचा नुसता आव आणणारी खोटी तोंडं होती, ती त्याने पुसून टाकली. जे काम करत नाही ते काढा, जे करतं ते लावा. माझ्या मनातलं त्याने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवलंय.

माझी गाडी मात्र 2007 ची. जीटी, गडद निळी, 4.6 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. या पिढीच्या मस्टँगचा मुख्य इंजिनीअर हाउ थाई-टांग. व्हिएतनाममधल्या सायगावात जन्मलेला, लहानपणी तिथेच, अमेरिकन सैनिकांच्या करमणुकीसाठी आणलेली मस्टँग त्याने पहिल्यांदा पाहिली. 1975 साली सायगाव पडलं तेव्हा कुटुंब निर्वासित होऊन अमेरिकेत आलं. त्या मुलाने 1988 ला फोर्डमध्ये नोकरी धरली आणि पुढे ही गाडी त्याच्या देखरेखीखाली नव्याने उभी राहिली. मी इथे एमएस करायला आले तेव्हा माझ्या हातात दोन बॅगा होत्या आणि डोक्यात दादाची झेन. जुनी का होईना, पहिली मस्टँग घेतली तेव्हा बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "रंगकाम चांगलं आहे." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नाही.

काढण्याचं सगळीकडेच भलं होतं असंही नाही, ते नमूद करते. ऑडीची टीटी 1998 ला आली तेव्हा तिची पाठ एकसंध गोल होती, स्पॉइलर नव्हता आणि दिसायला अतिशय सुंदर. जर्मनीतल्या ऑटोबानवर प्रचंड वेगात एकदम लेन बदलताना या गाड्या मागून सुटू लागल्या, अपघात झाले, माणसं गेली. कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, चाकं सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली आणि डिकीवर छोटासा स्पॉइलर लावला. ती गाडी माझी असती तर मी त्या स्पॉइलरला हात लावला नसता. माझ्या मस्टँगची गोष्ट वेगळी. 2008 साली खुद्द फोर्डनेच बुलिट नावाची खास मस्टँग काढली, त्याच सांगाड्याची, आणि तिच्यावर स्पॉइलर ठेवला नाही. तो दाखला हाताशी होता म्हणूनच मी धजावले.

शनिवारी सकाळी बाबा माझ्या आधी गॅरेजमध्ये हजर. बनियनवर जुना शर्ट, चष्म्याला दोरी. "आधी लाइट बघ," ते म्हणाले. मधला, तिसरा ब्रेकचा दिवा. अमेरिकेत 1986 च्या मॉडेलपासून तो प्रत्येक मोटारीला लागतोच आणि कित्येक गाड्यांत तो स्पॉइलरमध्येच बसवलेला असतो. तिथे स्पॉइलर काढायचा तर दिव्याची दुसरी सोय आधी करावी लागते. माझ्या गाडीचा दिवा डिकीच्या झाकणातच आहे, स्पॉइलरच्या खाली. बाबांनी मला ब्रेक दाबायला लावला, मागे उभं राहून खात्री केली, मगच पुढे. मग स्पॉइलरच्या कडेने सगळीकडे निळी मास्किंग टेप लावली, दुहेरी, रंगाला चुकून काही लागू नये म्हणून.

डिकी उघडून झाकणाच्या आतून सॉकेट घातला. पहिला नट सुटायच्या आधी बाबांनी माझा हात धरला. "थांब जरा. टॉर्च दे." नटावर आणि पत्र्यावर मिळून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ होती, नखाएवढी. नट किती आवळायचा तेवढा आवळून झाल्यावर, तपासून ओढलेली खूण. नट सैल झाला की रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. फ्लॅट रॉकच्या कारखान्यात, माझ्या घरापासून तासाभराच्या आत, कोणीतरी एका शिफ्टमध्ये ती ओढली होती. बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले. "पास केलाय गं कोणीतरी," ते म्हणाले. मग स्वतःच सॉकेट हातात घेतला आणि पहिला नट सोडवला. रेघ तुटली. नट त्यांनी आईकडून आणलेल्या स्टीलच्या वाटीत टाकला, खणकन आवाज झाला. बाकीचेही त्यांनीच काढले, प्रत्येक वेळी खाली फडकं धरून, एखादा दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत पडला तर जन्मभर खडखडत राहील म्हणून.

नट निघाले तरी स्पॉइलर जागचा हलत नाही. त्याच्या टोकांखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप असते, उन्हापावसात मुरलेली. ओढलं तर रंगासकट येते. तिला ऊब द्यावी लागते. हेअर ड्रायर फिरवत राहायचं, एका जागी धरायचा नाही, पत्रा तळहाताला जेमतेम सोसवेल इतकाच तापवायचा. गरम गोंदाचा गोडसर, रबरी वास गॅरेजभर झाला. मग तंगूस. मासे पकडायच्या गळाची ती नायलॉनची दोरी स्पॉइलर आणि पत्र्याच्या फटीत घातली, एक टोक माझ्या हातात, एक बाबांच्या, दोघांनी बोटांना फडकं गुंडाळलेलं. मी ओढायची तेव्हा त्यांनी सोडायचं, त्यांनी ओढलं की मी. आजी रवीने ताक करायची त्या दोरीसारखं. लय जमायला वेळ लागला, पण एकदा जमली तशी आम्ही बोलायचे थांबलो. फोम कातरल्याचा बारीक खरखर आवाज तेवढा येत होता. दोरी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेली आणि अचानक हातातला ताण गेला.

"सरळ वर उचल, घासू नकोस," बाबा म्हणाले. खाली स्टड असतात, तिरकं ओढलं तर त्यांची टोकं रंगावरून ओरखडा काढत जातात. दोघांनी मिळून तो उचलला आणि जुन्या ब्लँकेटवर ठेवला. बाबांनी बोटाच्या पेराने टकटक केलं. "पोकळ आहे की आतून!" मी त्यांना सांगितलं, हे ब्लो मोल्डिंग. वितळलेल्या प्लॅस्टिकची नळी साच्याच्या दोन अर्धुकांत धरायची आणि आतून हवा फुंकायची, प्लॅस्टिक साच्याच्या भिंतींना जाऊन चिकटतं, मध्ये पोकळी राहते. माझं रोजचं काम याच्या जवळपासचं. इतकी वर्षं फोनवर 'तू तिथे नेमकं काय करतेस' याचं धड उत्तर मला देता आलं नव्हतं. बाबांनी स्पॉइलर उलटा केला, साच्याचा जोड कुठून गेलाय तो बोटाने चाचपला, कडेची जाडी कुठे कमी झालीय ते मला दाखवलं. बरोबर दाखवलं.

खालचा पत्रा बघितला आणि मी गप्प झाले. फोमच्या काळ्या पट्ट्या, त्यात अडकलेली धूळ, पाइनच्या झाडाची वाळकी सुई, कुठल्यातरी हिवाळ्यातल्या रस्त्यावरच्या मिठाचा पांढुरका थर. आणि मधे स्पॉइलरच्या पायांच्या आकाराचा निळा रंग, आजूबाजूच्यापेक्षा जरा गडद, ऊन न पाहिलेला. गोंद खरवडायचा नसतो. अंगठ्याने दाबून त्याची वळी करत काढायची, उरलेल्यावर संत्र्याच्या सालीच्या वासाचं ते तेलकट द्रव लावून थांबायचं, मग अल्कोहोलने पुसायचं. आम्ही दुपारभर तेच करत होतो. नंतर पॉलिश. आकार फिकट झाला, पण तिरप्या उन्हात बघितलं की अजून कळतो. तो आहे तसाच ठेवायचं मी ठरवलंय.

गाडी मात्र वेगळी दिसत होती. छतापासून सुरू झालेली रेघ काचेवरून डिकीपर्यंत न अडखळता उतरत होती, आणि मागच्या तीन-तीन उभ्या दिव्यांवर येऊन संपत होती. मी तिच्याभोवती फिरत राहिले. खूप आनंद झाला होता, आणि पोटात कुठेतरी कसनुसंही होत होतं. मला आवडेल अशीच ती दिसत होती, पण आधीच्या मालकाला जी आवडली होती ती ही नव्हती. डिकी बंद करून पुन्हा उघडली तर झाकण ताडकन वर आलं. आतले गॅसचे दांडे स्पॉइलरचं वजन धरून दिलेले असतात, ते वजन गेलं आणि ते जोरात ढकलायला लागले. हलके दांडे मागवावे लागणार.

संध्याकाळी पायरीवर बसून चहा घेताना मी विषय काढला. जूनमधली संध्याकाळ, इथे नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. म्हटलं, "बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, बसवलाच कशाला. कुणाला तरी तो हवा होता, म्हणून बसवला. दादाला हवा होता तसा. हवेसाठी नसेल, पण म्हणून ते कारण खोटं नाही ठरत." हे बोलताना मला जाणवलं की मी स्वतःलाही तेच सांगतेय. मला तो नको होता, यामागेही हवेचं गणित नव्हतंच. मला ती पाठ बघायची होती, बस. आठवडाभर मी त्या साध्या इच्छेला शास्त्राचा आधार शोधत होते, कारण कंपनीने केलेल्या गोष्टीवर फक्त आपल्या मनासाठी हात टाकायची आमच्या घरात कोणाची हिंमत नव्हती.

बाबांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ठीक आहे. कुणाला हवा होता, बसवला. तुला नको झाला, काढलास. पण त्यांनी बसवल्यावर कोणीतरी पास केला होता. हे आता कोण पास करणार?"

"आपणच."

"मग उठ."

भोकं बुजवण्याचे दोन मार्ग होते. वेल्डिंग करून, पत्रा घासून, अख्खं झाकण रंगवून घ्यायचं, की भोकाच्या कडेच्या उघड्या पत्र्याला रंगाचा हात देऊन रबराची बुचं बसवायची. मी बुचांचा मार्ग घेतला होता. पुढे कधी गाडी विकली तर घेणाऱ्याला स्पॉइलर परत बसवता यावा, म्हणून तो ब्लँकेटमध्ये गुंडाळून तळघरात ठेवलाय, नटांची पुडी त्यालाच बांधून. रंग दुपारीच लावून वाळवला होता, बुचं बसली होती. बाबांना आता पाणी हवं होतं. त्यांच्या मते गाडी पाण्याखाली उभी केल्याशिवाय तिच्याबद्दल काही बोलता येत नाही. मी मागची सीट पाडून डिकीत आडवी झाले, टॉर्च तोंडाजवळ, डिकी बंद. बाबा बाहेर बागेचा पाइप घेऊन. झाकणावर पाणी कोसळायला लागलं, आत त्याचा दणदणाट. "येतंय का कुठनं?" "नाही अजून!" त्यांनी पाइप हळूहळू सरकवला, एका भोकावरून दुसऱ्यावर, प्रत्येकावर थांबत. मी बोट फिरवत होते, कोरडं, कोरडं. आणि मग उजवीकडच्या बाहेरच्या बुचाखाली बोटाला ओल लागली. एक थेंब धरून राहिला आणि माझ्या कपाळावर पडला.

"बाबा, उजवीकडचं बाहेरचं!"

"रिजेक्ट!" बाहेरून आवाज आला, आणि इतका खणखणीत आवाज मी त्यांचा निवृत्तीनंतर ऐकला नव्हता. बूच काढलं, कड पुन्हा पुसून वाळवली, सिलिकॉनची बारीक कडी घालून नवं बूच दाबून बसवलं. त्याला नीट धरायला चोवीस तास लागतात. उद्या दुपारी पाऊस सांगितलाय, म्हणून नवऱ्याची गाडी बाहेर काढून मस्टँग गॅरेजमध्ये घेतली आहे. उद्या रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा पाणी. या वेळी डिकीत आपण झोपणार, असं बाबांचं म्हणणं आहे, आणि आई त्यांना गुडघ्यांची आठवण करून देतेय.